जुन्या डॉज रॅम कमिन्सचा लिफ्ट पंप बदलायचाय? आधी गेज लावा, मग पंप

१९९८ च्या मध्यापासून २००२ पर्यंत आलेली डॉज रॅम २५०० किंवा ३५००, त्यात ५.९ लिटरचं २४ व्हॉल्व्हचं कमिन्स, अशी पिकअप तुम्ही इकडे अमेरिकेत घेतली असेल किंवा घ्यायच्या बेतात असाल तर टायर, सीट, रंग हे सगळं नंतर, आधी तिचा लिफ्ट पंप बघा. आपल्याकडे ट्रकवाले ज्याला फीड पंप म्हणतात तोच हा, टाकीतलं डिझेल ओढून पुढच्या मोठ्या पंपाला पोचवणारा. इंजिन म्हणाल तर एकदम दणकट, आणि जमशेदपूरच्या टाटा कमिन्समधून याच घराण्यातली ५.९ लिटरची इंजिनं टाटाच्या ट्रकांत गेलीत, त्यामुळे ज्यांनी गावाकडे गॅरेजमध्ये वेळ काढलाय त्यांना बॉनेट उघडल्यावर फार परकं वाटणार नाही. पण या गाडीला कारखान्यातून जो इलेक्ट्रिक लिफ्ट पंप आला तो सगळ्यात कच्चा दुवा आहे, आणि तो एकटा जात नाही, जाताना तो पुढचा मोठा पंप, म्हणजे हजार डॉलरच्या वरचा इंजेक्शन पंप, सोबत घेऊन जातो.

आधी तुमची गाडी नक्की कुठली ते बघून घ्या, कारण सगळ्या जुन्या रॅम सारख्या नाहीत. १९९४ ते १९९८ च्या सुरवातीपर्यंतच्या गाड्यांत १२ व्हॉल्व्हचं इंजिन आहे, त्याला वर सहा वेगवेगळी छोटी व्हॉल्व्ह कव्हरं दिसतात, त्याचा लिफ्ट पंप मेकॅनिकल, कॅमशाफ्टवर चालणारा, तिथली गोष्ट वेगळी. २००३ पासून कॉमन रेल ही वेगळ्या जातीची इंजेक्शन सिस्टीम आली, तेही वेगळं. मधल्या गाडीला वर एकच मोठं सलग कव्हर असतं आणि पुढे ड्रायव्हरच्या बाजूला बॉशचा व्हीपी ४४ हा इंजेक्शन पंप असतो. खाली जे लिहिलंय ते फक्त या मधल्या गाडीसाठी. कॉमन रेलवाल्याने यातले प्रेशरचे आकडे उचलू नयेत.

हा व्हीपी ४४ एवढा नाजूक का ते कळलं की पुढचं सगळं काम आपोआप समजतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. जुन्या १२ व्हॉल्व्हच्या पंपाला इंजिन ऑइल मिळायचं, याला मिळत नाही. याचं वंगणही डिझेल आणि याला थंड ठेवणारंही डिझेलच. वर याच्या डोक्यावरच स्वतःचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड बसवलाय, तोही त्याच डिझेलने थंड राहतो. हे इंजिन पूर्ण जोर लावून चालवलं तरी जाळतं ताशी बारा-पंधरा गॅलनच्या घरात, पण लिफ्ट पंपाने त्याच्या कितीतरी पट पाठवायला पाहिजे, कारण उरलेलं सगळं व्हीपी ४४ च्या पोटातून फिरून, उष्णता घेऊन, टाकीत परत जायचं असतं. या परतीच्या वाटेवर एक ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह आहे, साधारण १४ पीएसआयच्या आसपास उघडणारा. मागून प्रेशरच कमी आलं तर तो नीट उघडत नाही, परतीचा प्रवाह आटतो, पंप आतून तापतो, टायमिंगचा पिस्टन घासतो आणि मग एक दिवस कॉम्प्युटर पी ०२१६ कोड दाखवतो. तो कोड बहुतेक वेळा व्हीपी ४४ चे दिवस भरल्याचा असतो.

आणि सगळ्यात वाईट गोष्ट ही की लिफ्ट पंप मेला तरी गाडी चालत राहते. व्हीपी ४४ च्या आत स्वतःचा छोटा व्हेन पंप असतो, तो बिचारा टाकीपासून डिझेल ओढत राहतो. तुम्ही ऑफिसला जाता, घरी येता, डॅशबोर्डवर लाईट नाही, आवाजात फरक नाही, फार तर चढावर थोडी सुस्त वाटते किंवा गरम असताना चालू व्हायला जास्त वेळ घेते. तेवढ्यात आत पंप उपाशी झिजत असतो. माझ्या ओळखीच्या एकाला दुकानात व्हीपी ४४ नवीन बसवून मिळाला, बिल भरलं, पण मागच्या लिफ्ट पंपाचं प्रेशर कुणी मोजलंच नाही, आणि काही महिन्यांत नवीन पंपही त्याच वाटेने गेला. असं कुणाचंच होऊ नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून एवढं लांबण लावतोय.

त्यामुळे माझं पहिलं सांगणं हेच, पंपाची ऑर्डर देण्याआधी फ्युएल प्रेशर गेज लावा. पैसे एकदम जमत नसतील तर गेज आधी आणि पंप पुढच्या महिन्यात चालेल, उलटं चालणार नाही. गेजशिवाय तुम्ही कितीही महागाचा पंप लावलात तरी तो कधी बंद पडला ते तुम्हाला कळणार नाही.

गेज कसं लावायचं

० ते ३० पीएसआयचं गेज घ्या, ० ते १०० चं घेऊ नका, त्यात दोन-तीन पीएसआयचा फरक डोळ्याला दिसत नाही. प्रेशर मोजायचं ते फिल्टरच्या नंतर आणि व्हीपी ४४ च्या आधी, कारण आपल्याला लिफ्ट पंप किती ढकलतो ते नकोय, व्हीपी ४४ च्या तोंडाशी किती पोचतं ते पाहिजे. फिल्टर तुंबला असेल तर या दोन्हींत बराच फरक पडतो. फिल्टरच्या आसपास कारखान्याचे टेस्ट पोर्ट असतात, टायरच्या व्हॉल्व्हसारखे, तात्पुरतं तपासायला ते पुरतात. पण कायमचं लावायचं तर गेजसाठी भोक पाडून आटे केलेला बँजो बोल्ट (आतून पोकळ, ज्यातून डिझेल जातं असा बोल्ट) मिळतो तो वापरा.

सेन्सर थेट इंजिनावर कडक फिटिंगने बसवू नका. व्हीपी ४४ च्या तोंडाशी डिझेलला सतत बारीक ठोके बसत असतात आणि त्यात इंजिनाची थरथर, सेन्सर लवकर जातो. एक फुटभर होज घेऊन सेन्सर फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यावर, न्या आणि मध्ये एक नीडल व्हॉल्व्ह टाका, तो जवळजवळ बंद ठेवून अगदी किंचित उघडायचा, काटा थरथरायचा थांबला की बास. मेकॅनिकल गेज घेतलंत तर डिझेलची नळी केबिनमध्ये आणू नका, कधी फुटली तर मांडीवर डिझेल. त्यासाठी मध्ये आयसोलेटर येतो तो लावायचाच. मी तरी इलेक्ट्रिक गेजच घ्या म्हणेन.

आता काटा वाचायचा कसा. चांगल्या अवस्थेतला कारखान्याचा पंप आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, १२ ते १५ दाखवतो. रिकाम्या हायवेवर ६५ च्या स्पीडला थोडं उतरतं. खरी परीक्षा म्हणजे मागे ट्रेलर आहे, ऑनरॅम्पवर चढ आहे, आणि तुम्ही ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलाय, तेव्हा काटा कुठे थांबतो ते बघायचं. १० च्या खाली गेला तर पंप किंवा लाईन कमी पडतेय. ५ च्या खाली गेला तर पाय काढा, गाडी हळू घरी आणा आणि दुरुस्त होईपर्यंत लावून ठेवा. आयडलला १४ आहे म्हणून सगळं ठीक आहे असं समजणारे खूप भेटतात, आयडलवरचा आकडा जवळजवळ काहीच सांगत नाही.

गेज लावल्यावर प्रेशर कमी दिसलं म्हणून लगेच नवा पंप मागवू नका. आधी फिल्टर बदला. मग टाकीच्या डोक्यावर जे रबरी होजचे तुकडे असतात ते बघा, वीस-पंचवीस वर्षांत ते चिरतात, तिथून डिझेल बाहेर येत नाही पण हवा आत जाते, आपल्या भाषेत गाडी एअर घेते. हे पकडायला सोपी युक्ती म्हणजे पंपाच्या ओढीच्या बाजूला फुटभर पारदर्शक डिझेलची नळी तात्पुरती जोडायची आणि इंजिन चालू करून बघायचं, बुडबुड्यांची माळ दिसली की मागे कुठेतरी हवा शिरतेय. हे सगळं ठीक असून प्रेशर कमीच असेल, तर मग पंप.

कुठला पंप घ्यायचा

कारखान्याचा पंप इंजिनाच्या ब्लॉकवर ड्रायव्हरच्या बाजूला बसवलेला आहे, म्हणजे टाकीपासून लांब, वर, गरम आणि थरथरत्या जागी. त्याला सगळं डिझेल मागून ओढून आणावं लागतं. असे पंप ढकलायच्या कामाला चांगले, ओढायच्या कामाला वाईट. तसाच नवीन पंप तिथेच परत बसवला तर तीच गोष्ट परत होणार. म्हणून पंप मागे, टाकीजवळ, चेसिसच्या फ्रेमवर, खालच्या अंगाला न्यायचा, हाच या सगळ्या अपग्रेडचा गाभा आहे. नंतर डॉजनेच टाकीच्या आत बसणारा पंप बदली म्हणून दिला होता, त्याने जागेचा प्रश्न सुटतो पण मुळातच तो जास्त प्रवाहाचा नाही, जड टोइंग करणाऱ्याला मी तो सुचवणार नाही.

बाजारात फॅस आणि एअरडॉग ही दोन नावं तुम्हाला सतत दिसतील, दोन्हींची कल्पना जवळपास तीच: फ्रेमवर पंप, त्यालाच दोन फिल्टर, एक पाणी वेगळं करणारा आणि एक कचरा धरणारा, आणि डिझेलमधली हवा वेगळी करून परत टाकीत सोडायची सोय. यातला कुठला भारी यावर लोक तासन्‌तास भांडतात. माझ्या मते तुमच्या गावात ज्याचे फिल्टर सहज मिळतात तो घ्या. साईजचं म्हणाल तर इंजिन स्टॉक, म्हणजे कारखान्यातून आलं तसंच, असेल तर ताशी ९५-१०० गॅलनवाला भरपूर झाला, मोठे इंजेक्टर किंवा इंजिनाची ताकद वाढवणारा जोरदार ट्यूनर असेल तरच १५० किंवा १६५ वाला. उगाच मोठा घेऊन प्रेशर २० च्या वर नेऊ नका, व्हीपी ४४ च्या सीलना ते मानवत नाही. ऑर्डर करताना किट तुमच्याच मॉडेल वर्षाचं आहे आणि व्हीपी ४४ साठी १५ ते १८ च्या आसपास सेट केलेलं आहे हे दोनदा विचारून घ्या, कारण कॉमन रेलच्या गाड्यांसाठी वेगळं सेटिंग येतं.

किटसोबत अर्ध्या इंचाच्या लाईनचं किट आणि टाकीत सोडायची ओढनळी, जिला इथे ड्रॉ स्ट्रॉ म्हणतात, ती घ्याच. कारखान्याच्या लाईनमध्ये जे बँजो जोड आहेत त्यांच्यातली भोकं इतकी बारीक आहेत की तगडा पंप लावूनही प्रवाह तिथे गळा आवळल्यासारखा अडतो. आणि टाकीतल्या मूळ मॉड्यूलमधून (वरच्या झाकणाला जोडलेली ओढनळी आणि पातळी मोजणारा फ्लोट यांची एकत्र जुळणी) ओढायला ठेवलं तर पाव टाकीच्या खाली वळणावर हवा ओढायला लागते, टाकीत आठ गॅलन शिल्लक असून गाडी गचके मारते.

कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांनी एक बघायचं. तिथे १९९८ आणि त्यानंतरच्या, १४,००० पौंडांपर्यंतच्या डिझेल गाड्यांना स्मॉग चेक, म्हणजे धुराची तपासणी, आहे, आणि तपासणारा बॉनेट उघडून काय काय बदललंय ते बघतो, त्यामुळे किटला तिथल्या एअर बोर्डाचा एक्झिक्युटिव्ह ऑर्डर नंबर, म्हणजे हा बदल चालतो असा मंजुरीचा नंबर, आहे का ते घेण्याआधीच विचारा.

कामाला लागायच्या आधी

एक शनिवार-रविवार मोकळा ठेवा. पहिल्यांदा करणाऱ्याने एका दिवसात उरकायचा हट्ट करू नये. टाकी शक्यतो रिकामी होत आलेली असू द्या, ही ३४-३५ गॅलनची टाकी आहे, भरलेली असेल तर नुसतं डिझेलच शंभर किलोच्या वर जातं. सॉकेट सेट, पाने, फ्युएल लाईन सोडवायचं प्लास्टिकचं टूल, होल सॉ, जॅक स्टँड, चिंध्या, डिझेल धरायला पसरट भांडं, नायट्राइलचे हातमोजे आणि चष्मा एवढं पाहिजे. सिगरेट, गॅस हीटर, उघडा बल्ब यातलं काही आसपास नको. गाडी जॅकवर असताना खाली शिरायचं नाही, स्टँड लावल्यावरच शिरायचं, हे सांगायची गरज पडू नये पण सांगतो.

पहिलं काम बॅटरी. या गाडीत दोन असतात, दोन्हींची निगेटिव्ह काढा. एकीची काढून दुसरीची राहिली तर करंट चालूच राहतो.

मग टाकीच्या डोक्यापर्यंत पोचायचं. यासाठी दोन वाटा आहेत, टाकी खाली उतरवा नाहीतर हौदा उचला. मित्र येणार असतील तर हौदाच उचला, मी नेहमी हेच सांगतो, कारण वरून उजेडात, उभं राहून, दोन्ही हातांनी काम करता येतं. डिझेल भरायच्या तोंडाचे स्क्रू काढा, मागच्या लाईटचं कनेक्टर आणि ग्राऊंडची वायर सोडवा, हौद्याचे बोल्ट आदल्या दिवशी गंजाचा स्प्रे मारून भिजत ठेवा आणि मग काढा. चौघांनी धरून मागे सरकवायचा किंवा एका बाजूचे बोल्ट काढून दुसऱ्या बाजूचे ढिले ठेवून तिरका करून लाकडी ओंडक्यावर टेकवायचा. एकटेच असाल तर टाकी उतरवा, खाली जॅक आणि त्यावर फळी ठेवून, पट्टे हळूहळू सोडत.

टाकीचं डोकं दिसलं की काहीही उघडायच्या आधी ते स्वच्छ करा. वर इतक्या वर्षांची माती आणि डिझेलचा चिखल बसलेला असतो, झाकणाची रिंग फिरवली की तो सगळा आत पडतो आणि तुमच्या नव्या कोऱ्या फिल्टरमध्ये जातो. आधी ब्रश, मग कॉम्प्रेसरची हवा, मग चिंधी. रिंग प्लास्टिकची आहे, लाकडाचा तुकडा लावून हलक्या हाताने ठोकत फिरवा.

मॉड्यूल बाहेर काढून टेबलावर घ्या आणि ओढनळीसाठी भोक तिथेच पाडा, टाकीवर असताना पाडू नका, प्लास्टिकचा कीस आत जातो. भोक पाडायची जागा निवडताना फ्लोट पूर्ण वर-खाली हलवून बघा, नळीला अडकला तर डिझेलचा काटा कायम अर्ध्यावर राहील. नळीची लांबी ही सगळ्यात काळजीची गोष्ट. किटच्या कागदावर तळापासून किती अंतर ठेवायचं ते दिलेलं असतं, तेवढंच ठेवा, आणि तळाकडचं टोक तिरकं कापा म्हणजे ते तळाला चिकटून बंद होत नाही. फार वर ठेवलीत तर पाव टाकीचा त्रास तसाच राहिला, फार खाली ठेवलीत तर तळाचं पाणी आणि गाळ ओढेल. दोनदा मोजा, कापल्यावर कडा कानशीने साफ करा, नळी आतून पुसा. मॉड्यूल परत बसवताना जुना सील वापरू नका.

पंप आणि लाईन

पंपाचा ब्रॅकेट ड्रायव्हरच्या बाजूच्या फ्रेमवर, टाकीच्या पुढे, अशा जागी लावा की फिल्टर खाली तोंड करून राहतील आणि पुढे कधी बदलताना हात जाईल. पक्कं करायच्या आधी नुसतं धरून बघा, फिल्टर रस्त्याला लागेल इतका खाली नको आणि कॅबच्या पत्र्याला टेकेल इतका वर नको, टेकला तर आत बसल्यावर घुर्र असा आवाज सतत कानात राहतो. एक्झॉस्ट पॅसेंजरच्या बाजूने जातो, त्यामुळे ड्रायव्हरची बाजू त्या मानाने थंड आहे, लाईन तिकडूनच पुढे न्या. फोर बाय फोर असेल तर पुढचा प्रोपेलर शाफ्ट आणि स्टिअरिंगच्या हलत्या भागांपासून लांब ठेवा आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून खात्री करा. फ्रेमच्या धारदार कडेवरून होज जात असेल तिथे वर जाडसर नळीचं आवरण घाला, दर फुटाला क्लिप मारा. होज कापताना करवत वापरू नका, धारदार ब्लेडने सरळ काप घ्या, करवतीचे रबराचे कण सरळ पंपात जातात.

आट्यांना टेफ्लॉन टेप लावायची सवय आपल्या सगळ्यांना नळाच्या कामातून लागलेली असते, इथे ती लावू नका. टेपचा एक धागा सुटून व्हीपी ४४ मध्ये गेला की झालं. जिथे सील लागतोच तिथे डिझेलला चालणारा पातळ थ्रेड सीलंट, पहिला आटा सोडून. ओ-रिंग आणि कोनाच्या फिटिंगला काहीच नाही, ओ-रिंगला फक्त बोटाने डिझेल किंवा ऑइल.

पंपाची स्वतःची एक परतीची नळी असते, हवा आणि जास्तीचं डिझेल टाकीत नेणारी. ती बहुतेक किटमध्ये डिझेल भरायच्या पाईपच्या व्हेंट होजला टी लावून जोडतात. व्हीपी ४४ ची मूळ परतीची लाईन आहे तशीच राहू द्या, तिला हात लावायचा नाही.

इंजिनाच्या बाजूला जुना पंप काढून टाका. तिथे हात घालायला जागा कमी आणि वर कॉम्प्युटरचा डबा, तरी शांतपणे काढला तर निघतो. कारखान्याचा फिल्टर डबा ठेवायचा की काढायचा यावर दोन मतं आहेत. काढला तर प्रेशर थोडं वाढतं. पण त्या डब्यात पाण्याचा सेन्सर आहे आणि डिझेल गरम करणारा हीटर आहे, मिनेसोटा, डकोटा, वरचं न्यूयॉर्क अशा ठिकाणी राहणाऱ्यांनी तो ठेवावाच, थंडीत डिझेल मेणासारखं घट्ट होतं तेव्हा तो हीटर कामाला येतो. टेक्सास-ॲरिझोनावाल्यांनी काढला तर चालेल. बँजोचे तांब्याचे किंवा सीलचे वॉशर प्रत्येक वेळी नवीनच.

वायरिंगला घाबरायचं कारण नाही. पंपाला करंट थेट ड्रायव्हरच्या बाजूच्या बॅटरीवरून, फ्यूज आणि रिलेमधून, आणि रिलेला चालू हो असं सांगणारा सिग्नल जुन्या लिफ्ट पंपाच्या कनेक्टरमधून. म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर जुन्या पंपाला चालवायचा तसाच नव्याला चालवतो, चावी बंद केली की पंप बंद, अपघातात इंजिन बंद पडलं तरी पंप बंद. पंपाला सरळ एका टॉगल स्विचवर टाकणारे आहेत, ते करू नका. रिले आणि फ्यूज पाणी उडणार नाही अशा जागी, उभे. ग्राऊंड गंजक्या फ्रेमला न देता बॅटरीच्या निगेटिव्हला द्या.

एअर काढणं आणि पहिला स्टार्ट

नवे फिल्टर बसवताना पाणीवाल्या फिल्टरमध्ये आधी स्वच्छ डिझेल भरून लावलं तर वेळ वाचतो. पंपाच्या पुढचा फिल्टर मात्र वरून भरू नका, त्याच्या पुढे काही गाळायला नाही. बॅटरी जोडा. नुसती चावी ऑन केली तर पंप एक-दोन सेकंदच चालतो. स्टार्टरला किंचित टिचकी द्या, इंजिन फिरून सुरू होऊ न देता, आणि चावी ऑनवर सोडा, की पंप साधारण २५ सेकंद सलग चालतो. हे चार-सहा वेळा करा. पहिल्यांदा पंप कर्कश आवाज करेल, हवा गेली की आवाज खोल आणि एकसारखा होतो, कानाला लगेच कळतं. गेजचा काटा वर येऊन थांबला की टाकीपासून सगळे जोड टॉर्च लावून, सुक्या टिश्यूने पुसत बघा. टिश्यूवर ओल आली की तो जोड परत.

मग स्टार्टर मारा, एका वेळी तीस सेकंदांच्या वर नाही आणि मध्ये दोन मिनिटं विश्रांती. लगेच चालू झाली नाही तर दोन-तीन इंजेक्टर लाईनचे नट इंजिनाच्या बाजूला पाव फेरा ढिले करा, कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा, फेस येणं थांबून डिझेल आलं की आवळा. या लाईनमध्ये हजारो पीएसआय असतात, तिथली बारीक चिळकांडीही कातडीतून आत घुसते आणि ती जखम बाहेरून टाचणी टोचल्याएवढी दिसते पण बोट जाऊ शकतं. हात लांब, चष्मा डोळ्यावर, गळती शोधायची तर पुठ्ठ्याने. असं डिझेल कातडीत गेलं तर दुखत नसलं तरी सरळ इमर्जन्सीला जा.

आणि काही झालं तरी स्टार्टिंग स्प्रे मारू नका. या इंजिनाच्या इनटेकमध्ये तापणारी जाळी आहे, ती लाल असताना इथरचा स्प्रे गेला तर इनटेकमध्ये स्फोट होतो.

चालू झाली की पंधरा मिनिटं आयडलला ठेवा, काटा १५ ते १८ मध्ये स्थिर पाहिजे. मग रस्त्यावर. रिकामी गाडी, मग ट्रेलर लावून, मग चढावर पूर्ण दाबून. पूर्ण जोरातही १२-१३ च्या खाली जात नसेल तर काम उत्तम झालं. जास्त पडत असेल तर लाईन कुठेतरी चेपली आहे किंवा कुठला तरी बँजो तसाच राहिलाय. काही पंपांना प्रेशर कमीजास्त करायचा स्क्रू असतो, पण पडणाऱ्या काट्यावर तो उपाय नाही, आधी अडथळा शोधा.

पहिल्या शंभर मैलांनंतर सगळे जोड आणि ब्रॅकेटचे बोल्ट परत एकदा तपासा. टाकी उघडलेली असल्यामुळे पहिला पाणीवाला फिल्टर लवकर बदला, मग पुढचे किटवर लिहिलेल्या मैलांनुसार. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांना २००६ पासून १५ पीपीएम गंधकाचं डिझेल यायला लागलं, तुमची गाडी त्याच्या आधीच्या डिझेलवर बनलेली आहे, म्हणून टाकी भरताना वंगण वाढवणारं चांगलं ॲडिटिव्ह टाकायची सवय ठेवा, व्हीपी ४४ ला त्याचा आधार होतो. शेतावर मिळणारं लाल रंगाचं डिझेल स्वस्त दिसलं तरी रस्त्यावरच्या गाडीत घालू नका, त्यावर रस्त्याचा कर भरलेला नसतो आणि टाकीत सापडलं तर दंड मोठा आहे.

सीटच्या मागे दोन्ही फिल्टरचा एक जोड, एक रिले, दोन फ्यूज आणि फिल्टर काढायचा पट्टापाना ठेवून द्या. खराब डिझेल कुठल्या तरी आडगावच्या पंपावरच मिळतं, आणि तिथे या साईजचा फिल्टर दुकानात असेलच असं नाही.